ताई, थंडीत पण उन्हाळी लागते का?

पत्र थोडक्यात असं आहे. वय ४३, दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. तालुक्याच्या गावाहून रोज एसटीने जळगावला येणंजाणं, साडीच्या दुकानात कामाला. दुकानात बायकांसाठी बाथरूम नाही, कॉम्प्लेक्सच्या मागं एक आहे ते पुरुषच वापरतात, घाण असतं आणि अर्धा वेळ कुलूप. म्हणून सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी घरी परत येईपर्यंत या ताई पाणी जवळजवळ पीतच नाहीत. मागच्या दिवाळीपासून चौथ्यांदा लघवीला जळजळ झालीय, सारखी लागल्यासारखी वाटते आणि गेलं की चार थेंब. घरचे म्हणतात उन्हाळी लागली. दरवेळी मेडिकलवरून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या, सोबत सब्जा, धन्याचं पाणी, आणि वांगं-ठेचा बंद. शिवाय शिंक आली, जोरात हसू आलं, वरच्या फळीवरचा साड्यांचा गठ्ठा ओढला की थोडी लघवी गळते, हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेल्या तर या भीतीने झोक्यावर बसल्या नाहीत. जाऊबाई म्हणतात पिशवी काढून टाक, माझी काढली तेव्हापासून मी मोकळी. मिस्टर म्हणतात बाहेरच्या बाथरूममुळेच होतंय, नोकरी सोड. ताईंचा प्रश्न, "पिशवी काढू का नोकरी सोडू? आणि पुरुष डॉक्टरला हे सगळं कसं सांगू?"

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्हीच लिहिलीय पण तिच्याकडं तुमचं लक्ष गेलेलं नाही, त्या म्हणजे तारखा. पहिला त्रास दिवाळीच्या आठवड्यात, दुसरा संक्रांतीनंतर, तिसरा होळीच्या मागंपुढं आणि चौथा आत्ता मे महिन्यात. मे महिन्याचं एक वेळ मान्य करू, आपल्याकडं भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढं जातो, पण जानेवारीत जेव्हा लोक पहाटे शेकोट्या पेटवून बसलेले असतात तेव्हा कसली उन्हाळी लागणार? या चारही वेळांत सारखं काय होतं ते बघा, दुकानातली गर्दी. दिवाळीची खरेदी, मग लग्नसराई, बस्ता बांधायला अख्खं घर येऊन गादीवर बसलं की तीन-तीन तास तुम्हाला जागचं हलता येत नाही, त्या दिवसांत तुम्ही उरलंसुरलं पाणी पण बंद करता, आणि आठवड्याभरात जळजळ सुरू होते. तुमचा त्रास उन्हाच्या मागं चाललेला नाही, तो दुकानाच्या सीझनच्या मागं चाललाय.

आता उन्हाळी ही काही अगदी खोटी गोष्ट नाही हे पण सांगते, नाहीतर घरच्या मोठ्या माणसांना उगाच वेड्यात काढल्यासारखं होईल. उन्हातून आलं, घाम खूप गेला, पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, गडद पिवळी होते आणि अशी लघवी नुसती जाताना पण चुरचुरते. ही चुरचुर दिवसभर व्यवस्थित पाणी, ताक, सब्जा, धन्याचं पाणी काही का होईना पीत राहिलं की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जाते. पण जळजळीसोबत सारखी घाई होणं, दर अर्ध्या तासाला उठावं लागणं, गेलं की थोडीशीच होणं, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ येणं किंवा तिला घाण वास मारणं, असं असेल तर ते बहुतेक इन्फेक्शन असतं. तिथं सब्जा चालत नाही, म्हणजे प्या हरकत नाही पण त्याने जंतू मरत नाहीत. मेडिकलवाला जे गुलाबी लाल सिरप देतो त्याने पण लघवीचा आंबटपणा कमी होऊन आग थांबते तेवढीच, जंतू तिथेच असतात.

हे जंतू येतात कुठून, तर मिस्टर म्हणतात तसे बाहेरच्या बाथरूममधून नाही. बहुतेक वेळा हा ई. कोलाय नावाचा जंतू असतो, तो आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात राहतो आणि तिथं त्याचा काही त्रास नसतो. बायकांची लघवीची नळी जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषांची अठरा-वीस सेंटिमीटरची, आणि आपल्यात ती शौचाच्या जागेच्या इतकी जवळ आहे की जंतूला मूत्राशयापर्यंत जायला फार लांब जावं लागत नाही. म्हणजे रोजच थोडेफार जंतू त्या वाटेवर असतात, पण आपण दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतो तेव्हा ते धुऊन बाहेर पडतात. तुम्ही सकाळी आठला घर सोडता आणि रात्री आठला परत येता, मधल्या बारा तासांत एकदा लघवी, कधी तेवढी पण नाही. आत शिरलेल्या जंतूंना वाढायला अख्खा दिवस मिळतो आणि त्यांना बाहेर ढकलायला लघवीच नसते.

म्हणून घाण बाथरूम टाळून आपण वाचलो असं जे तुम्हाला वाटतंय ना ताई, तिथेच खरी गडबड आहे. घाण बाथरूमचा त्रास खरा आहे, किळस येते, पाय घसरतो, दाराला कडी नसते, हे सगळं बरोबर, पण नुसतं तिथं बसल्याने लघवीचं इन्फेक्शन होण्याची शक्यता फार कमी. तिथं न जाता दिवसभर कोरडं राहण्याने होण्याची शक्यता जास्त. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात १४० बायका होत्या, सगळ्या तुमच्यासारख्याच, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या. त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्तीचं प्यायला सांगितलं आणि निम्म्यांना जसं आहे तसंच चालू ठेवायला. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध नाही काही नाही, नुसतं पाणी.

आता गोळ्यांचं. तुम्ही लिहिलंय की "गोळी लागू पडते, दोन दिवसात बरं वाटतं, मग बंद करते". बरं वाटतं कारण जंतू थोडे कमी झाले की जळजळ लगेच थांबते, पण सगळे गेलेले असतातच असं नाही, आणि जे उरतात ते त्या गोळीला पुरून उरलेले असतात. असं चारदा झालं की पाचव्या वेळेला तीच गोळी चालेनाशी होऊ शकते, मग मेडिकलवाला त्याहून भारी देतो. कुणाला तीन दिवसांचा कोर्स पुरतो, कुणाला पाच, काही औषधांचा तर एकच डोस असतो, कुणाला सात दिवस लागतात. हे जंतू कोणता आणि पेशंट कोण यावर ठरतं, काउंटरवर उभं राहून ठरत नाही. तुम्ही मेडिकलवाल्याला सांगता तरी किती, मागं चार गिऱ्हाइकं उभी असताना हळूच "लघवीची गोळी द्या" एवढंच ना?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं तर त्याला वारंवार होणारं म्हणतात आणि मग नुसती गोळी न देता कारण शोधायचं असतं. तुम्ही त्या हद्दीच्या पुढं गेलाय. म्हणून यावेळी गोळी घ्यायच्या आधी, नीट ऐका, आधी, लघवीची कल्चर तपासणी करायची. रुटीन तपासणीत पस सेल, म्हणजे पुवाच्या पेशी, किती आहेत ते कळतं, कल्चरमध्ये जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध चालेल ते कळतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, फार त्रास असेल तर डॉक्टर सॅम्पल घेऊन औषध सुरू करतील आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतील. सॅम्पल घरून बाटलीत भरून एसटीत घेऊन येऊ नका, लॅबमध्येच द्या. आधी साध्या पाण्याने जागा धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार त्यांनी दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आतून बोट लावायचं नाही. हे कुणी नीट सांगत नाही आणि मग बाहेरचेच जंतू रिपोर्टमध्ये येतात आणि बाईला उगाच औषध चालू होतं.

सोबत शुगर तपासा, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी पण. तुम्ही लिहिलंय की आईला शुगर होती, आणि ४३ हे वय शुगर बघायचंच आहे. शुगर वाढलेली असली की लघवीला जास्त होते आणि इन्फेक्शन परत परत होतं. तिसरी गोष्ट पोटाची सोनोग्राफी, त्यात मुतखडा आहे का ते दिसतं आणि लघवी करून आल्यावर आत किती शिल्लक राहते ते पण मोजतात, हे मोजायला आठवणीने सांगा कारण घाईत बऱ्याचदा राहून जातं. आणि जळजळीसोबत खाज असेल, दह्यासारखं पांढरं जात असेल, तर तो लघवीचा आजार नसून खालच्या जागेचं फंगल इन्फेक्शन असू शकतं, त्याचं औषध वेगळं. अँटिबायोटिक वारंवार घेतल्याने पण ते वाढतं.

या सगळ्यासाठी चार दिवस थांबलं तरी चालेल. पण थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, लघवीतून रक्त गेलं किंवा लघवीच बंद झाली तर थांबायचं नाही, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मग लग्नसराई असो नाहीतर घरात पाहुणे असोत. वाचणाऱ्यांत कुणी गरोदर असेल तर तिने साधी जळजळ पण अंगावर काढू नये.

पाण्याचं गणित तुमच्या दिवसात बसवून सांगते, कारण "भरपूर पाणी प्या" हे सगळेच सांगतात आणि एसटीत बसणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नसतो. सकाळी उठल्यावर दोन ग्लास. निघायच्या दहा मिनिटं आधी लघवीला जाऊन यायचं, लागलेली नसली तरी, आणि मग बसमध्ये बसेपर्यंत काही प्यायचं नाही, म्हणजे प्रवासात जीव टांगणीला लागत नाही. दुकानात पोचल्यावर बाटली काढायची आणि दुपारपर्यंत घोट घोट करत अर्धा-पाऊण लिटर. जेवताना ताक. जेवणानंतर लघवी, मग परत संध्याकाळपर्यंत अर्धा लिटर, निघायच्या आधी परत लघवी. घरी आल्यावर एक-दोन ग्लास आणि झोपायच्या दोन तास आधी थांबायचं. एकदम लिटरभर प्यायचं नाही, त्याने फक्त घाई होते आणि गळणं वाढतं. दिवसाला एकूण दोन-अडीच लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लघवीचा रंग फिकट पिवळा आला म्हणजे पाणी पुरतंय. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी मात्र किती प्यायचं ते आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवायचं. आणि दुकानात गिऱ्हाइकाबरोबर तुमचा पण चहा होतो, दिवसाला पाच-सहा कप लिहिलेत, ते दोनवर आणा. चहाने लघवीची घाई वाढते आणि कपभर चहा म्हणजे आपण काहीतरी प्यायलो असं वाटून पाणी राहून जातं.

वांगं आणि ठेचा बंद केलाय ते परत चालू करा. पूर्ण हिवाळा भरीत न खाता काढलात तुम्ही, खान्देशातल्या बाईने, वाचून मला वाईट वाटलं. तिखटाने काहींना लघवीची घाई जास्त होते, तसं तुम्हाला जाणवत असेल तर ठेचा कमी घ्या, पण वांग्याने इन्फेक्शन होत नाही. त्यापेक्षा पोट साफ राहतंय का ते बघा. बद्धकोष्ठ असेल तर मागून दाब येतो, मूत्राशय नीट रिकामं होत नाही, जोर करून करून खालचे स्नायू पण सैल पडतात. पाणी कमी प्यायल्याने ते होतंच.

अजून एक, हे नवराबायकोत बोलायचं आहे. संबंधानंतर जंतू पुढं ढकलले जातात, म्हणून त्यानंतर उठून लघवी करून यायची सवय ठेवा. याचा अर्थ हा गुप्तरोग आहे किंवा मिस्टरांकडून आलाय असा अजिबात नाही, त्यांना पण हे वाचायला द्या. जागा धुताना पुढून मागं धुवायचं, आतून साबण किंवा सुवासिक लिक्विड वापरायचं नाही, साधं पाणी पुरतं.

आता नोकरी. ताई, मी नोकरी सोडा असं म्हणणार नाही. तुम्ही लिहिलंय की मुलाची डिप्लोमाची फी याच पगारातून जाते, आणि घरी बसलात तरी पाणी न पिण्याची सवय तुमच्यासोबत घरी येईल, शेतात गेलात तर तिथं तर आडोसा पण नाही. त्याच्या आधी एक गोष्ट करून बघायची राहिलीय, ती म्हणजे मागणं. तुमच्यासोबत अजून पाच बायका आहेत त्या दुकानात, त्यांना आज विचारा, मला खात्री आहे की त्यातल्या निम्म्या तरी पाणी पीत नसतील आणि कुणी कुणाला सांगितलं नसेल. सगळ्या मिळून शेठकडे जा. आजाराचं काही सांगायची गरज नाही, मागणं एवढंच ठेवा की मागं बायकांसाठी एक वेगळं बाथरूम करा, आतून कडी, एक बादली पाणी, दिवा, आणि चावी आमच्याकडे काउंटरवर. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, ठराविक संख्येच्या वर कामगार असले की मालकाने पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह द्यायचंच असतं, आणि जागा कमी असेल तर दोन-चार दुकानांनी मिळून सोय केली तरी चालते असं त्यात आहे. कायद्याचं नाव पहिल्या वाक्यात काढू नका, पण माहीत असू द्या. शेठला हे पण सांगता येईल की बस्त्याला आलेल्या बायका पण तीन तास बसतात, त्यांच्यात म्हाताऱ्या असतात, गरोदर असतात, त्यांना बाथरूम मिळालं तर त्या घाईघाईत उठून जाणार नाहीत.

ते होईपर्यंत शेजारची सोय बघा. जवळपास एखादी बँक, एखादा दवाखाना, एखादं हॉटेल असतं जिथं रोज एका वेळेला जाता येतं, मैत्रिणीसोबत दोघींनी मिळून गेलं की तेवढं अवघड वाटत नाही. आणि तिथं गेल्यावर अर्धवट उभं राहून, श्वास रोखून दोन सेकंदात उरकायचं नाही. अधांतरी बसलं की खालचे स्नायू सैल पडतच नाहीत, थोडी लघवी आतच राहते आणि जंतूंना तेवढी पुरते. बाटलीभर पाणी घेऊन जा, जागा धुवून घ्या आणि पूर्ण बसा. झाल्यासारखं वाटलं की थोडं थांबून परत प्रयत्न करा, अजून थोडी होते.

गळण्याकडं येते. हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिलंय आणि पुढं म्हणता "दोन बाळंतपणं झाल्यावर हे असंच असतं ना, सहन करायचं". नाही ताई, हे खूप जणींना असतं एवढंच खरं आहे, सहन करायचं हे खरं नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय, गर्भाशय, आतडं सगळं तिच्यावर टेकलेलं. बाळंतपणात ती ताणली जाते, वजन वाढलं, जुना खोकला असला, वजन उचलायचं काम असलं की अजून सैल होते, आणि शिंकेने पोटात दाब आला की ती नळी आवळून धरू शकत नाही. बाकी सगळ्या स्नायूंसारखाच हा पण व्यायामाने घट्ट होतो. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम लोकांसमोर आणला, आजही अशा गळण्यावर पहिला उपाय तोच सांगतात.

करायचा कसा ते लिहिते. एकाच वेळी लघवी आणि वारा दोन्ही रोखतोय असं आतून वर ओढायचं. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट करायचे नाहीत आणि श्वास चालू ठेवायचा. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जा. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसमध्ये बसून करा, काउंटरला उभं राहून करा, कुणाला काही दिसत नाही. लघवी चालू असताना मधेच थांबवून हा व्यायाम करू नका, स्नायू कोणता ते ओळखायला एखाद्या वेळी ठीक, रोज नको. फरक दिसायला तीन महिने द्यावे लागतात, बऱ्याच जणी पंधरा दिवसांत सोडून देतात आणि म्हणतात काही फायदा नाही. आणि गठ्ठा ओढायच्या आधी, शिंक येतेय असं वाटलं की लगेच, आतून आवळून घ्यायचं, ही युक्ती पहिल्या आठवड्यापासून उपयोगाला येते. जमत नसेल तर फिजिओथेरपिस्ट बाईंकडून एकदा शिकून घ्या. तोपर्यंत ओली घडी अंगाला लावून दिवसभर बसू नका, दोन जास्तीचे पॅड पिशवीत ठेवा आणि बदला. या पावसाळ्यात तीन महिने नेटाने केलंत तर पुढच्या आखाजीला झोक्यावर बसायला हरकत नाही.

काहींचं गळणं वेगळं असतं, शिंकेने नाही तर एकदम घाई होऊन बाथरूमच्या दारापर्यंत पोचेपर्यंत होतं, नळाचा आवाज ऐकला की होतं. त्यांनी घाई आली की पळत न सुटता जागेवर थांबून आवळून धरायचं, घाई ओसरली की मग चालत जायचं, आणि दोन लघव्यांमधलं अंतर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं, यालाच मूत्राशयाला शिस्त लावणं म्हणतात. त्यांच्यासाठी गोळ्या पण आहेत. तुमच्या पत्रावरून तुमचं तसं वाटत नाही.

आणि पिशवी. जाऊबाईंची कशासाठी काढली होती ते तुम्हाला माहीत आहे का? अंगावरून जास्त जात असेल, मोठी गाठ असेल, तर तो वेगळा विषय. गर्भाची पिशवी आणि लघवीची पिशवी या दोन वेगळ्या पिशव्या आहेत, जवळजवळ आहेत एवढंच. लघवीच्या इन्फेक्शनवर गर्भपिशवी काढणं हा उपाय नाहीच, गळण्यावर पण नाही. उलट स्वीडनमध्ये मोठ्या संख्येने बायकांची नोंद ठेवून केलेल्या अभ्यासात असं दिसलं की पिशवी काढलेल्यांना पुढं गळण्यासाठी ऑपरेशन करायची वेळ जास्त आली. सोबत अंडाशय पण काढले तर पाळी जाण्याचं वय यायच्या आधीच शरीरातलं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खूप कमी होतं, त्याने खालचा भाग कोरडा आणि नाजूक होतो आणि इन्फेक्शन वाढतं, हाडं ठिसूळ होतात ते वेगळंच. आपल्याकडं पस्तीस-चाळिशीतल्या बायकांच्या पिशव्या ज्या वेगाने काढल्या जातात त्याचा मला मनापासून राग येतो, "मुलं झालीत ना, मग कशाला ठेवायची" असं बायकाच बायकांना सांगतात. कुणी डॉक्टरने लघवीच्या त्रासासाठी पिशवी काढा म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. खालून काही बाहेर आल्यासारखं वाटत असेल, अंग बाहेर येत असेल, तर मात्र तपासून घ्या, त्यावर रिंग बसवण्यापासून ऑपरेशनपर्यंत वेगवेगळे उपाय आहेत.

डॉक्टरला कसं सांगायचं, तर चिठ्ठीवर लिहून न्या. "चार वेळा जळजळ, शेवटची कधी, कोणत्या गोळ्या, शिंकताना गळते, किती दिवसांपासून, आईला शुगर." गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. तीन दिवसांची एक छोटी वही करा, किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी, कधी गळली. ती वही पुढं केली की निम्मं बोलणं वाचतं आणि तपासणारा पुरुष असो की बाई, त्याला नीट प्रश्न विचारता येतात. बाई डॉक्टरच हव्या असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे सुरुवात करा, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या ओपीडीत स्त्री डॉक्टर कधी असतात ते आधी विचारून घ्या. तपासताना सोबत बाई माणूस असावं असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

अशीच पत्रं आलेल्या बाकीच्यांसाठी थोडं. सासरे रात्री चार-पाचदा उठतात, धार बारीक झालीय, थांबत थांबत होते, ते म्हातारपण म्हणून सोडू नका, बहुतेक प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेलं असतं, त्याला गोळ्या आहेत, आणि एकदम लघवी अडकली तर ती इमर्जन्सी आहे. मुतखडा झालेल्यांनी दूध बंद करायची गरज नाही, मीठ कमी करा आणि पाणी एवढं प्या की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल. बिअरने खडा पडतो हे डोक्यातून काढून टाका. शाळेतल्या मुली पण दिवसभर पाणी पीत नाहीत, संध्याकाळी घरी आल्या की दप्तर टाकून आधी बाथरूमला पळतात, असं दिसलं तर शाळेतल्या बाथरूमला पाणी आणि कडी आहे का ते एकदा स्वतः जाऊन बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह सांगितलेलंच आहे.

ताई, तुमच्यासाठी क्रम असा की सोमवारी दुकानात जायच्या आधी लॅबमध्ये सॅम्पल, त्याच दिवशी पाण्याची बाटली काउंटरखाली, आणि शेठकडे जायचं ते आठवडी सुट्टीच्या आदल्या दिवशी, गर्दी कमी असताना. जळजळ थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा. त्रास नसताना नुसते पस सेल आले म्हणून कुणी परत अँटिबायोटिक चालू करायला लागलं तर का ते विचारा, गरोदरपण किंवा लघवीच्या जागेचं ऑपरेशन असं कारण नसेल तर लक्षणं नसताना बहुतेक वेळा औषध लागत नाही. कल्चरचा रिपोर्ट आला की मला जंतूचं नाव आणि त्याखाली ज्या औषधांपुढं 'एस' (म्हणजे ते औषध त्या जंतूवर चालतं) लिहिलंय ती नावं कळवा, आणि चावी मिळाली का ते पण.